दुसरा रकाना

जबलपूरच्या नयागावात मध्य प्रदेशचं राज्य भार प्रेषण केंद्र आहे. वीज खात्यातली माणसं त्याला नुसतं ‘लोड डिस्पॅच’ म्हणतात. तिथे दिवस चोवीस तासांचा नसतो, 96 ब्लॉकांचा असतो. मध्यरात्री पहिला ब्लॉक सुरू होतो, सव्वाबाराला दुसरा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढच्या मध्यरात्रीपर्यंत. बिरसिंगपूर, सारणी, चचाई आणि खंडव्याचं सिंगाजी ही औष्णिक केंद्रं, बरगी धरणाचे जलविद्युत संच, यांतल्या कुणी कुठल्या ब्लॉकमध्ये किती वीज द्यायची आणि जबलपूर, भोपाळ, इंदूरच्या तीन वितरण कंपन्यांनी किती घ्यायची, हे आदल्या दिवशीच मांडलेलं असतं. एखादा संच बंद पडला, आभाळ भरून आल्यानं सौर वीज घटली किंवा पाऊस होऊन शेतीपंप थांबले, की वेळापत्रक दिवसभरात पुन्हा पुन्हा सुधारलं जातं. महाराष्ट्राचं असंच केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला आहे, आणि या दोघांच्या वर पश्चिम विभागाचं केंद्र मुंबईत.

आता वेळापत्रक काय, कुणीही करतं. या केंद्रांच्या कामाला धार येते ती वेळापत्रकाशेजारच्या रकान्यामुळे. त्याच 96 ब्लॉकांत प्रत्यक्षात किती वीज आली-गेली याची नोंद वेगळे मीटर करत असतात. एक रकाना शेड्यूलचा, दुसरा ॲक्च्युअलचा. दोन्हींतल्या फरकाला किंमत असते आणि ती वसूल होते. पश्चिम विभागात ही पद्धत देशात सर्वांत आधी, 1 जुलै 2002 पासून लागू झाली. त्याआधीही वेळापत्रक होतं, पण ते मोडल्याचा हिशेब ब्लॉकवार होत नव्हता. 50 हर्ट्झवर राहायला हवी ती फ्रीक्वेन्सी 49च्या खाली आणि 51च्या वर हेलकावे खात असे. फरकाला भाव लागल्यावर, आणि तो भाव फ्रीक्वेन्सीशी बांधल्यावर, थोड्याच काळात ती ताळ्यावर आली. नवं वीजकेंद्र न बांधता, फक्त दुसरा रकाना नीट भरून.

वेब ॲप्लिकेशनच्या पाठीमागे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांवरच्या या पुस्तिकेची प्रस्तावना विजेपासून सुरू करण्याचं कारण एवढंच, की संगणकावरच्या अशा कामांना पहिला रकाना असतो, दुसरा नसतो. रात्री दोनला बॅकअप, सकाळी सहाला अहवाल, महिन्याच्या एक तारखेला बिलं, असं वेळापत्रक आपण हौसेनं लिहितो. ते काम झालं का, पूर्ण झालं का, एकदाच झालं का, हे लिहून ठेवणारं मुळात काहीच नसतं. ते आपल्याला घडवावं लागतं. या पुस्तिकेची बरीचशी पानं त्या घडवण्यात खर्ची पडली आहेत.

विषय नेमका कोणता, ते आधी सांगायला हवं. वेब ॲप्लिकेशन मागितल्याशिवाय काही करत नाही. कुणी बटण दाबलं, विनंती आली, उत्तर गेलं, विषय संपला. उत्तरही झटपट द्यावं लागतं: पायथनच्या जगातला गनिकॉर्न हा सर्व्हर, काही वेगळं सांगितलं नसेल, तर 30 सेकंदांत न परतलेल्या वर्करला मारून टाकतो, समोर बसवलेला एनजिनएक्स 60 सेकंद उत्तराची वाट पाहून नाद सोडतो, पीएचपीची मर्यादा वेब सर्व्हरवर 30 सेकंदांची. म्हणजे हजार पावत्यांच्या पीडीएफ करणं हे काम पानाच्या पोटात बसत नाही. आणि काही कामांना तर मागणारं कुणी नसतंच. रात्री दोनला बॅकअप घे म्हणून सांगायला कोण बटण दाबणार? पहिल्या प्रकारात विनंती येते पण काम मागे ढकलावं लागतं. दुसऱ्यात घड्याळ हीच विनंती. पुस्तिका मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे, पण पहिला वारंवार मध्ये येतो, कारण दोन्हींची यंत्रसामग्री पुष्कळदा एकच असते.

अशी कामं जबलपूरच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात भरलेली आहेत, फक्त तो त्यांना या नावानं ओळखत नाही. इथे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ आहे (1936 साली नागपूरला सुरू झालेल्या उच्च न्यायालयाची परंपरा 1956च्या राज्य पुनर्रचनेनंतर इकडे आली, जुन्या मराठी घरांत ‘हायकोर्ट नागपूरहून आलं’ असंच अजून म्हणतात). वकील आदल्या दिवशी संध्याकाळपासून उद्याच्या कॉज लिस्टकडे डोळे लावून बसतो. खटल्यांच्या तारखा वर्षभर साठत असतात, पण ‘उद्या, अमुक कोर्टात, अमुक क्रमांकावर’ ही यादी ठरल्या वेळी बाहेर पडावी लागते. जिल्हा न्यायालयांसाठीचं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुणे केंद्रात घडलं, आणि देशभरच्या न्यायालयांतली आकडेवारी त्यातून निघून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जमा होते. ती तिथे कुणी रोज हातानं नेऊन ठेवत नाही.

रेल्वेचं उदाहरण त्याहून बोलकं. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपुरातच आहे. आरक्षणाचा चार्ट वर्षानुवर्षं गाडी सुटण्याच्या चार तास आधी तयार व्हायचा. 2025 मध्ये तो आठ तास आधी, आणि सकाळच्या गाड्यांचा आदल्या रात्रीच करायचं ठरलं. चार्ट झाला की त्याच्या मागोमाग दुसरी कामं सुटतात. ऑनलाइन काढलेलं आणि पूर्ण वेटिंगमध्ये राहिलेलं तिकीट आपोआप रद्द होतं, पैसे परत निघतात, संदेश जातात. म्हणजे एक काम घड्याळानं सुरू केलं आणि पुढची कामं त्या कामानं सुरू केली. नवशिके नेमके इथे चुकतात. ते चार्टाला सहाची वेळ देतात, परताव्याला सव्वासहाची, आणि पंधरा मिनिटांत चार्ट होईलच असं गृहीत धरतात. सणासुदीच्या गर्दीत चार्टाला वीस मिनिटं लागली की परतावा अर्धवट यादीवर चालतो. दुसऱ्या कामाला वेळ द्यायची नसते, पहिलं पूर्ण झाल्याची खूण द्यायची असते.

क्रॉनची ओळख पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात आहे. 1979च्या युनिक्स सातव्या आवृत्तीतला क्रॉन अगदी भोळा होता: दर मिनिटाला जागा व्हायचा, एकच तक्ता वाचायचा, या मिनिटाची कामं असतील ती सुरू करायचा, पुन्हा झोपायचा. त्याच सुमारास पर्ड्यू विद्यापीठात, शंभरेक माणसं वापरत असलेल्या यंत्रावर प्रत्येकाला स्वतःचा तक्ता हवा होता. तिथे दर मिनिटाला उठण्याऐवजी पुढचं काम कधी आहे ते काढून तोवर झोपण्याची युक्ती निघाली. 1987 साली पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन पुढे बहुतेक लिनक्स यंत्रांवर पोचला, आणि आज भाड्याच्या स्वस्तातल्या स्वस्त सर्व्हरवरही त्याचाच वंश चालू असतो. पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढे आज्ञा. इतकं सोपं, की माणूस शिकल्यावर दहा मिनिटांत स्वतःला जाणकार समजू लागतो.

मग त्याला ठेच लागते. तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन ‘दोन्ही जुळले तर’ असं धरत नाही, ‘दोन्हींपैकी एक जुळलं तरी’ असं धरतो. एक तारीख सोमवारी आली तरच चालावं म्हणून लिहिलेलं काम दर सोमवारी आणि दर एक तारखेला चालतं. टक्क्याचं चिन्ह क्रॉनच्या ओळीत नव्या ओळीची खूण ठरतं, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी आज्ञा हातानं चालते आणि क्रॉनमध्ये मधेच तुटते. हातानं चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये न चालण्याचं आणखी साधं कारण म्हणजे क्रॉनला तुमच्या टर्मिनलचं वातावरण ठाऊक नसतं. त्याचा पाथ आखूड, तुमचे पासवर्ड आणि पत्ते ठेवलेले व्हेरिएबल त्याच्याकडे नाहीत. या तक्रारीवर नव्या मुलांचे जितके तास जातात तितके दुसऱ्या कशावर जात नसतील. लेखकांनी याला सहा पानं दिली आहेत. मला ती कमी वाटली.

क्रॉन वेब ॲप्लिकेशनच्या बाहेर असतो. पुष्कळांना ते खटकतं. कोडबरोबरच वेळापत्रकही असावं, एकत्र डिप्लॉय व्हावं, अशी त्यांची इच्छा. इच्छा रास्त आहे. म्हणून मग शेड्यूलर ॲप्लिकेशनच्याच आत बसवतात. लॅपटॉपवर सुरळीत चालतं. सर्व्हरवर तेच ॲप्लिकेशन चार वर्करांत चालतं, प्रत्येक वर्करच्या पोटात आपापला शेड्यूलर जागा होतो, आणि कोचिंग क्लासच्या फीची आठवण पालकांच्या मोबाइलवर लागोपाठ चार वेळा जाऊन पडते. भारतात असा एकही मोठा क्लास नसेल जिथे हा प्रकार कधी ना कधी घडला नाही, असं मी पुराव्याशिवाय म्हणायला तयार आहे.

वर्डप्रेसची तऱ्हा याच्या उलट. त्याचा अंगभूत क्रॉन घड्याळाकडे पाहतच नाही. कुणी साइटवर आलं की त्या निमित्तानं तो बाकीची कामं उरकतो. वर्दळीच्या साइटवर हे खपून जातं. पण रात्री कुणी फिरकत नसलेल्या छोट्या संस्थेच्या साइटवर पहाटे चारचं काम सकाळी साडेनऊला, पहिला पाहुणा आल्यावर होतं. संस्थेची साइट जितकी कमी पाहिली जाते तितकी तिची वेळ चुकते, हा न्याय थोडा क्रूरच. यावरचा उपाय जुना आहे: तो अंगभूत क्रॉन बंद करायचा आणि खऱ्या क्रॉनला दर पाच मिनिटांनी साइटचं दार ठोठवायला लावायचं.

तिसरी वाट रांगेची. ॲप्लिकेशन काम रांगेत टाकतं, वेगळे वर्कर ते उचलतात, आणि एक छोटा कार्यक्रम घड्याळ पाहून रांगेत कामं टाकत राहतो. पायथनवाल्यांचं सेलरी, रुबीवाल्यांचं साइडकिक, लारावेलची स्वतःची रांग, सगळ्यांचा साचा हाच. फायदे खरे आहेत: काम फसलं तर पुन्हा प्रयत्न, गर्दी झाली तर वर्कर वाढवणं, जड कामांना वेगळी रांग. पण त्याबरोबर रेडिस किंवा रॅबिटएमक्यू घरात येतं, त्यांची देखभाल येते, आणि काही बारकावे येतात जे महिनोन्‌महिने दिसत नाहीत. उदाहरणार्थ, सेलरी रेडिसवर चालत असेल तर तासाभरात पोच न मिळालेलं काम हरवलं असं समजून ते दुसऱ्या वर्करला दिलं जातं. ‘तीन तासांनी कर’ म्हणून टाकलेलं काम मग तासातासाला नव्यानं वाटलं जातं आणि वेळ आल्यावर तीन-चार जण ते करायला उठतात.

इथे माझं मत लेखकांपेक्षा थोडं कडक आहे. ज्या कार्यालयात रोज पाच-सात ठरलेली कामं आहेत आणि एकच सर्व्हर आहे, तिथे क्रॉन आणि डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं. रांगेची सोयसुद्धा पोस्टग्रेसमध्ये होते; 2016च्या जानेवारीत आलेल्या 9.5 आवृत्तीपासून दुसऱ्यानं कुलूप लावलेली ओळ ओलांडून पुढची ओळ उचलण्याची सोय त्यात आहे, आणि छोट्या रांगेला तेवढं भरपूर झालं. बंगळुरूच्या मुलाखतीत विचारतील म्हणून जबलपूरच्या एका सर्व्हरवर कुबर्नेटिस चढवणारे तरुण मी पाहिले आहेत. शिकायला हरकत नाही. पण ती देखभाल नंतर ज्याच्या गळ्यात पडते तो बहुधा वेगळा माणूस असतो.

वेळेवरचं प्रकरण मला सर्वांत आवडलं, आणि त्याचं निम्मं कारण स्थानिक आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन, या दोन रेल्वे मार्च 1870 मध्ये जबलपूरला जोडल्या गेल्या. तेव्हा भारतात एक प्रमाणवेळ नव्हती. मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, कलकत्त्याचं 5 तास 53 मिनिटं. एकाच फलाटावर भेटणाऱ्या दोन गाड्यांच्या वेळापत्रकांत तासाहून जास्त फरक! रेल्वेनं यावर मद्रासची वेळ धरली, जी दोहोंच्या अधेमध्ये पडते. देशाची प्रमाणवेळ 1906ची, आणि मुंबईनं तर आपलं जुनं घड्याळ 1955पर्यंत सोडलं नाही. आजही जबलपूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या अडीच अंश पश्चिमेला असल्यानं डोक्यावर यायला सरासरी दहा मिनिटं उशीर करतो, पण त्याची कुणी तक्रार करत नाही.

भाड्याच्या सर्व्हरवर तोच घोळ नव्यानं भेटतो. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. सकाळी सहाचा अहवाल म्हणून लिहिलेली ओळ इथे साडेअकराला चालते. हे पहिल्याच दिवशी कळतं, म्हणून त्रास थोडा. खरा त्रास ‘काल’ या शब्दात आहे. कालच्या विक्रीचा अहवाल पहाटे पाचला निघाला, तेव्हा यूटीसीप्रमाणे अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्या घड्याळाचा ‘काल’ म्हणजे आपला परवा. अहवाल वेळेवर येतो, आकडे खरे दिसतात, फक्त दिवस चुकीचा असतो. महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं. लेखकांचा सल्ला असा, की कामाला ‘काल’ विचारू देऊ नये. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत हे वेळापत्रकानं कामाच्या हातात द्यावं. यातून आणखी एक सोय होते: बुडालेल्या दिवसाचा अहवाल आठवड्यानंतरही, त्याच तारखा हातात देऊन, तसाच काढता येतो.

आणि रात्री बाराचा मोह टाळावा. प्रत्येकाला वाटतं दिवस बदलतो तेव्हाच काम व्हावं, म्हणून सगळी कामं शून्य मिनिटाला उठतात, डेटाबेसवर एकदम पडतात आणि एकमेकांना अडवतात. बारा वाजून सतरा मिनिटांनी केलेल्या कामानं दिवस काही कमी बदलत नाही.

दोनदा होण्याचा प्रश्न अवघड आहे आणि पुस्तिका तो टाळत नाही. वर्कर काम हाती घेताना पोच देतो की पूर्ण झाल्यावर? आधी दिली आणि मधेच वीज गेली तर काम हरवतं. नंतर दिली आणि पोच देण्याआधी वीज गेली तर काम पुन्हा होतं. तिसरा पर्याय कुणी विकत असेल तर त्याचं छापील पत्रक नीट वाचावं. सेलरी सांगितल्याशिवाय पहिला मार्ग धरतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. डिप्लॉय करताना हेच घडतं: डॉकर कंटेनरला थांबायला सांगतो, दहा सेकंद थांबतो आणि मग मारतो. चाळीस सेकंदांचं बिलिंग दहाव्या सेकंदाला मेलं, तर काही ग्राहकांची बिलं झालेली, बाकीच्यांची नाहीत.

म्हणून काम असं लिहायचं, की दुसऱ्यांदा चालवलं तर त्यानं काही बिघडू नये. ‘खात्यात 500 मिळव’ असं नव्हे, तर ‘जुलै 2025चं या ग्राहकाचं बिल नसेल तर कर’, आणि ग्राहक-महिना या जोडीवर डेटाबेसमध्येच अद्वितीयतेची अट. अट कोडमध्ये असून चालत नाही; दोन वर्कर एकाच क्षणी ‘नाही’ असं पाहतात आणि दोघेही बिल करतात. एसएमएस आणि ईमेल मात्र या शिस्तीत पूर्ण बसत नाहीत. गेलेला संदेश परत बोलावता येत नाही. तिथे आधी ‘पाठवतो आहे’ अशी नोंद, मग पाठवणं, मग ‘पाठवला’ अशी नोंद. आणि पहिल्या नोंदीवर अडकलेल्यांकडे माणसानं पाहायचं. फीची आठवण दोनदा गेली तर लोक हसतील. पैसे दोनदा कापले गेले तर हसणार नाहीत. कुठे हरवणं परवडतं आणि कुठे दोनदा होणं, हे प्रत्येक कामापुरतं ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं प्रोग्रॅमरच्या एकट्याच्या हातात असू नये.

दर पाच मिनिटांनी चालणारं काम एखाद्या दिवशी सात मिनिटं घेऊ लागलं, तर पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू होतं, दोघं मिळून आणखी हळू होतात, तिसरं येऊन मिळतं. यावर लिनक्सचं फ्लॉक हे एक ओळीचं औषध आहे. त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

आता न झालेल्या कामाकडे येतो. वेब पान बंद पडलं तर पाच मिनिटांत फोन वाजतो. रात्रीचं काम बंद पडलं तर कुणालाच काही होत नाही. बॅकअप तीन महिने होत नसेल तरी साइट अगदी नीट चालते. चूक झाली तर लॉगमध्ये काहीतरी उमटतं. पण काम सुरूच झालं नाही तर लॉगमध्ये काहीही उमटत नाही, आणि ‘काहीही नाही’ यावर कुणी शोध लावून ठेवलेला नसतो. सर्व्हर बदलताना क्रॉनटॅब जुन्या यंत्रावरच राहिला, ही या धंद्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत महाग पडणारी चूक.

जून 2012 मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचं काय झालं ते पुस्तिकेत थोडक्यात आहे. मला त्यावर जरा थांबावंसं वाटतं. बँकेच्या रात्रीच्या कामांचा क्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. तिच्यात अडचण दिसली म्हणून ती काढली, तर आधीची आवृत्ती मधल्या बदलांशी जुळेना. खात्यांचं सॉफ्टवेअर शाबूत होतं, एटीएम शाबूत होती. बिघडला होता फक्त ‘कशानंतर काय’ हे सांगणारा भाग. पगार जमा होईनात, शिल्लक चुकीची दिसू लागली, ब्रिटनमधल्या सुमारे 65 लाख ग्राहकांना झळ बसली, आणि त्याच समूहातल्या अल्स्टर बँकेचे ग्राहक तर जुलै उजाडला तरी खोळंबलेले होते. 2014 मध्ये नियामकांनी बँकेला 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. बुडालेली एक रात्र भरून काढण्याआधी दुसरी रात्र येऊन उभी राहते, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

याच्या समोर आपल्याकडचं एनईएफटी ठेवावं. 16 डिसेंबर 2019 पासून ते चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला 48 तुकड्यांत. म्हणजे जी गोष्ट ग्राहकाला ‘पैसे पाठवले’ अशी एका क्षणाची वाटते, ती आत वेळापत्रकानं चाललेलं पाठीमागचं काम आहे. पण त्यात नियम असा, की तुकडीचा हिशेब झाल्यापासून दोन तासांच्या आत रक्कम समोरच्या खात्यात जमा तरी झाली पाहिजे, नाहीतर परत तरी आली पाहिजे. पैसे अधांतरी राहण्याला मुदत आहे. दुसरा रकाना नियमातच लिहिलेला आहे. तो कुणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही.

पुस्तिकेचं चौथं प्रकरण हेच छोट्या प्रमाणावर करायला शिकवतं. डेटाबेसमध्ये एक टेबल: कामाचं नाव, कुठल्या मुदतीसाठी, कधी सुरू व्हायला हवं होतं, कधी झालं, कधी संपलं, किती ओळी हाताळल्या, निकाल काय. काम सुरू होताना ओळ पडते, संपताना भरली जाते. आणि मग एक पहारेकरी, जो झालेल्या कामांकडे पाहत नाही, व्हायला हव्या होत्या त्यांच्याकडे पाहतो. सहाची ओळ सव्वासहापर्यंत पडली नाही तर तो बोंब मारतो. हा पहारेकरी त्याच सर्व्हरवर ठेवू नये हे सांगायला नको, पण लेखकांनी सांगितलं आहे, आणि बरं केलं. ‘किती ओळी’ हा रकाना मात्र पुष्कळ जण गाळतात, तो गाळू नये. बॅकअपची फाइल रोज वेळेवर बनते आणि रोज शून्य बाइटची असते, असं घडतं. तेव्हा वेळेचे सगळे रकाने हिरवे असतात.

एक गोष्ट पुस्तिकेत असायला हवी होती आणि नाही: या टेबलाकडे कोणी पाहायचं. भार प्रेषण केंद्रात पाळ्या असतात, खुर्चीत माणूस असतो. छोट्या कंपनीत इशारे एका ईमेलवर जातात, तो ईमेल सोडून गेलेल्या मुलाचा असतो. शिवाय रोज ‘सर्व ठीक’ असा संदेश धाडला की पंधरवड्यात तो कुणी उघडत नाही. माझ्या अनुभवात एकच गोष्ट टिकते: नाव लिहिलेला माणूस, आणि तो रजेवर असेल तर दुसऱ्याचं नाव. पुढच्या आवृत्तीत लेखकांनी यावर दोन पानं तरी लिहावीत.

वाचकांविषयी थोडं. ही पुस्तिका संगणक शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याहून जास्त, एकट्यानं दहा संस्थांच्या साइट सांभाळणाऱ्यांसाठी आहे. जबलपूर, नागपूर, अमरावती, अकोला अशा गावांत अशी माणसं पुष्कळ आहेत; इंग्रजीतलं सगळं त्यांना वाचता येतं, पण रात्री अकराला काही बिघडलं की मराठीत विचार करतात. उदाहरणं पायथन आणि पीएचपीत आहेत. जावावाल्यांना क्वार्ट्झवरचं परिशिष्ट तोकडं वाटेल. क्लाउड कंपन्यांच्या आपापल्या शेड्यूलरांवर मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यांचे पडदे आणि दर दोन्ही बदलत राहतात.

प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे क्रॉनची कामं आधीच चालू आहेत त्यांनी चौथ्यापासून सुरुवात करावी आणि आपलं टेबल उभं करूनच दुसऱ्याकडे वळावं. नवशिक्यांना लिनक्स असलेलं कुठलंही यंत्र पुरेल, जुना लॅपटॉपसुद्धा. तो रात्री बंद राहत असेल तर बुडालेलं काम उठल्यावर करण्याची सिस्टमडी टाइमरमधली सोय दुसऱ्या प्रकरणात दिली आहे. सरावाच्या कामांसाठी पहाटेपर्यंत जागायला नको, त्यांचं वेळापत्रक दर दोन मिनिटांचंच ठेवलं आहे. फक्त एसएमएसचा सराव करताना स्वतःचाच नंबर घालावा, आणि सराव संपल्यावर ती ओळ क्रॉनटॅबमधून काढून टाकावी.